यादीत साडू नव्हता

देशाच्या सरकारी नोकरभरतीची पद्धत बदलायची ठरली, तेव्हा सगळ्यात जोरात मान हलवणाऱ्यांत मी होतो. कारण सरळ होतं. मी आत होतो. आत असलेल्या माणसाला दार रुंद करायची कल्पना नेहमीच आवडते. बांधकाम आपल्या निवृत्तीनंतर सुरू व्हावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

जुनी पद्धत बदलण्यासारखीच होती. पाच पेपर. त्यात नद्यांच्या लांब्या, तहांच्या तारखा आणि ‘कर्तव्य’ या विषयावर आठशे शब्दांचा निबंध. पास झालात की जन्माची खुर्ची, आणि मग ज्येष्ठतेने सरकत सरकत वर. त्या परीक्षेत मी देशात अकरावा आलो होतो. हे मी स्वतःहून सांगतो असं नाही, विषय निघतो. अठरा वर्षं निघतोय.

तो विशेष करून सासरी निघायचा. सासरे निवृत्त भूमापक. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता जावई मोजतात. मोजायला आम्ही दोघंच. मोठा मी. धाकटा, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा, त्याच परीक्षेत तीनदा नापास झालेला. तिसऱ्या वेळी त्याने कर्तव्यावर दीड पान लिहून खाली ‘एवढंच’ असं लिहिलं आणि पेपर देऊन बाहेर आला. पुढे एका मोठ्या खाजगी दवाखान्यात लागला. काम काय, तर पेशंटची रांग लावायची. पाहुणे आले की सासरे ओळख करून द्यायचे, “हे आमचे मोठे जावई. केंद्रीय निवड मंडळात अधिकारी. देशात अकरावे.” मग धाकट्याकडे हात करून, “आणि हे... हेही असतात.”

ते ‘हेही असतात’ ऐकायला मी दर रविवारी वेळेवर जायचो.

सुधारणा समितीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. समितीतल्या मोठ्या लोकांना काहीतरी आधुनिक हवं होतं, म्हणून मी एक वाक्य लिहिलं: उपसंचालक आणि त्यावरची सर्व पदे यापुढे बाहेरच्या व्यक्तींनाही खुली राहतील आणि निवड ज्येष्ठतेने किंवा पाठांतराने न होता प्रत्यक्ष काम करून दाखवण्यावर होईल. वाक्य गाजलं. वर्तमानपत्रात चौकटीत आलं. मी ते कापून घरातल्या काचेच्या कपाटात लावलं.

या पद्धतीने भरायचं पहिलंच पद आमच्या शाखेच्या उपसंचालकाचं निघालं. त्यावर मी नऊ वर्षं डोळा ठेवून होतो. जुन्या नियमाने ते पिकून माझ्याच ओंजळीत पडणार होतं. तरी मी घाबरलो नाही. माझं अहवाल लिहिण्याचं काम संपलं होतं, परीक्षा दुसरी शाखा घेणार होती, म्हणून रीतसर अर्ज केला आणि निवांत झालो. बाहेरचा शहाणा माणूस आमच्याकडे कशाला येईल?

त्या रविवारी जेवणं झाल्यावर साडू माझ्याजवळ येऊन बसला.

“दादा, रागावणार नसलात तर एक सांगायचं होतं.”

“बोला ना, साडूभाऊ.” मला वाटलं, कुणाची तरी शिफारस हवी असेल. शिफारस नाकारण्यात माझा हात कोणी धरत नाही.

“तुमच्या खात्याची ती जाहिरात. उपसंचालकाची. मी पण अर्ज टाकलाय.”

“कुठे टाकलाय?”

“तिथेच. ते काम करून दाखवायचं वाचलं आणि म्हटलं, हे आपल्याला जमेल बहुतेक. कोणी लिहिलंय हो ते? फार सुंदर वाक्य आहे.”

“समितीने,” मी म्हणालो.

आतून मेहुणी ओरडली, “भाऊजी, नाही म्हणू नका हां! रांगा लावून लावून माझ्याच घरात रांग लावतो हा. चपला पण उंचीप्रमाणे!”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना बायको म्हणाली, “बरं झालं नाही? दोघंही एकाच ऑफिसात.”

“एकच पद आहे.”

“हो का?” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ती एवढा वेळ खिडकीबाहेर कधी बघत नाही.

परीक्षा नागरिकांच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या कचेरीत झाली. दहा उमेदवार, दहा खिडक्या. प्रत्येक खिडकीपुढे खरीखुरी माणसं, तीन तासांचा वेळ. मागच्या भिंतीला टेकून तीन परीक्षक उभे. साडूची खिडकी माझ्या शेजारची. हे कोणी केलं ते मला माहीत नाही, पण त्याचं वाईट व्हावं अशी माझी आजही इच्छा आहे.

माझ्यापुढे पहिल्या बाई आल्या. त्यांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. मी त्यांचं म्हणणं ऐकलं, कागद तपासले, मूळ नोंदवही मागवली, आणि पावणेदोन पानांची टिपणी लिहिली. तिच्यात चुकीचा इतिहास होता, लागू होणारे तीन नियम होते, आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’ होतं. आदेश द्यायला त्या दिवशी मीच बसलो होतो, हे नंतर लक्षात आलं. मग खाली मी आदेश दिला आणि सही केली. दोन सह्या, दोन शिक्के. बाई म्हणाल्या, “झालं का?” मी म्हणालो, “आता कुठे सुरू झालंय.”

तेवढ्या वेळात शेजारच्या खिडकीत कोणीच नव्हतं. मला बरं वाटलं. पळाला, म्हटलं. पण तो पळाला नव्हता, खिडकीबाहेर जाऊन रांगेतून चालत होता. एकेकाला विचारत होता, “तुमचं काय काम? कागद आहे? कुठला नाही?” दहा मिनिटांत परत आला आणि कचेरीतल्या कारकुनाला म्हणाला, “साहेब, एकोणीस जणांकडे एकच कागद कमी आहे, जन्मनोंदीची प्रत. ती तर तुमच्याच कपाटात असते ना?”

“असते.”

“मग त्यांच्याकडून कशाला मागायची? आपणच काढू. या, मी वर चढतो, तुम्ही नावं वाचा.”

एकोणीस माणसं एका फटक्यात गेली. सहा जण चुकीच्या कचेरीत आले होते, त्यांना त्याने बरोबर कचेरीचा पत्ता आणि तिथली जेवणाची सुट्टी कागदावर लिहून दिली. तास उरला असताना त्याच्या खिडकीपुढे फक्त एक म्हातारे गृहस्थ राहिले. त्यांचं काम झालं होतं, पण त्यांना इथे बसायला आवडलं होतं.

मग काच सरकवून तो माझ्याकडे वाकला. “दादा, तुमच्यातली थोडी मी घेऊ का?”

परीक्षक बघत होते. ‘नको’ म्हणावं तर सहकार्याचे गुण जातात. मी म्हणालो, “घ्या ना.” हे दोन शब्द उच्चारताना मला दाढेत कळ आली.

निकाल फलकावर लागला. पहिला तो. प्रतीक्षा यादीत पहिला, म्हणजे एकूण दुसरा, मी. हे कसं झालं ते गुणपत्रकात होतं. अचूकतेत मला पैकीच्या पैकी होते, आणि माझ्या खिडकीवर अकरा माणसांची कामं झाली होती. त्यातली चार माझी. सात त्याने केली होती, पण खिडकी माझी म्हणून गुण मला. म्हणजे मी दुसराही त्याच्या कृपेने आलो होतो. एखाद्याने आपल्याला हरवलं तर माणूस सहन करतो. हरवताना आपल्याला हात देऊन वर ओढलं, तर त्याला काय करावं याचा नियम कुठे नाही.

सासऱ्यांचा फोन आला. “पाहिलं का धाकट्याचं? मी नेहमी म्हणायचो, मुलात काहीतरी आहे.” त्यांनी असं कधीही म्हटलेलं नव्हतं. अठरा वर्षांचा साक्षीदार मी होतो.

“आणि तुमचा कितवा?” त्यांनी विचारलं.

“दुसरा.”

“छान छान,” सासरे म्हणाले. “तुमचंही असतं म्हणजे.”

त्या आठवड्यात मला भूक नव्हती. आरशापुढे दाढी करताना मला त्याचा चेहरा आठवायचा, कपाटावर चढलेला, धूळ उडालेली, आणि आनंदी. तो आनंदी होता, हे मला सगळ्यात झोंबत होतं. अकरावा आलो तेव्हा मी सुटलो होतो, आनंदी झालो नव्हतो.

आमच्या शाखेत एक मुख्य कारकून आहेत. सगळे त्यांना पोटनियम म्हणतात. त्यांना मुख्य नियम फारसे आवडत नाहीत, पण पोटनियम सगळे पाठ. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“निवड झालेला माणूस घेता येणार नाही, असं काही असतं का हो?”

“कशावरून घ्यायचा नाही?” पोटनियमांनी आवाज खाली आणला. त्यांना असले प्रश्न गोड लागतात.

“समजा, तो नातेवाईक निघाला. शाखेतल्याच कोणाचा तरी.”

“मग एकेचाळीस. साहेब, एकेचाळीस बघा.”

अर्ध्या तासाने नियमावलीचा जाड खंड आला, पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली. नियम एकेचाळीस: जवळचे नातेवाईक एकाच शाखेत, एकमेकांच्या हाताखाली काम करू शकणार नाहीत. खाली यादी. आई, वडील, भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, चुलतसासरे, आणि ‘मानलेला भाऊ, जर मानल्याचे सर्वांना ठाऊक असेल तर’. एकूण तेरा नाती. मी यादी तीनदा वाचली. साडू नव्हता.

“साडू कसा नाही हो यात?”

“यादी करणाऱ्याला नसेल,” पोटनियम म्हणाले. “सुखी माणूस.”

मी टिपणी लिहिली. माझ्या नोकरीतली सर्वोत्तम टिपणी. तिच्यात कोणाचं नाव नव्हतं, द्वेष नव्हता, सगळं ‘भविष्यातील गुंतागुंत टाळण्यासाठी’ होतं. साडू हे नाते रक्ताचे नसले तरी दोन्ही बाजूंस सतत तुलनेस पात्र असल्याने कार्यालयीन निर्णयांवर त्याचा परिणाम संभवतो. सबब यादीत साडूचा समावेश व्हावा, आणि ज्यांचे नियुक्तिपत्र अद्याप निघालेले नाही अशा सर्वांस तो लागू व्हावा. सही केली आणि फाइल वर पाठवली.

आमच्याकडे पंख्याच्या दुरुस्तीची फाइल चौदा महिने फिरते. ही सहा दिवसांत परत आली. मी उघडली आणि थक्क झालो. अवर सचिवांनी लिहिलं होतं, ‘पूर्ण सहमत. हे यापूर्वीच व्हायला हवे होते.’ कायदा सल्लागार, ज्यांच्याकडून आजवर होय किंवा नाही यांतला एकही शब्द कोणी मिळवला नव्हता, त्यांनी लिहिलं होतं, ‘होय. अनुभवावरून.’ वित्त विभागाने, ज्यांचा याच्याशी काहीच संबंध नव्हता, समासात लिहिलं होतं, ‘विशेषतः परदेशात घर घेतलेले साडू.’ आणि शेवटी सहसचिव मॅडमची हिरव्या शाईतली ओळ: ‘मंजूर. सोबत जाऊ हे नातेही घालावे. त्वरित.’ ‘त्वरित’खाली दोन रेघा होत्या. एक कागद फाटेपर्यंत ओढलेली.

त्या दिवशी मला प्रथमच कळलं की या चार मजली इमारतीत मी एकटा नव्हतो. मी भरपेट जेवलो.

दुसऱ्या दिवशी पोटनियम आले. दारात उभे राहिले, आत येईनात.

“या की.”

“साहेब, एकेचाळीसचं मागचं पान आपण वाचलं असेलच.”

“मागचं?”

“चिठ्ठी पुढच्या पानाला होती,” ते पायाकडे बघत म्हणाले.

सरकारी माणूस चिठ्ठी लावलेलं पान वाचतो. बाकीची पानं चिठ्ठीला आधार म्हणून असतात. मी पान उलटलं. गुणवत्तेने निवड झालेल्या उमेदवारास नातेवाइकाच्या कारणाने वंचित ठेवता येणार नाही. अशा वेळी आधीपासून नोकरीत असलेल्या नातेवाइकाची अन्य शाखेत बदली करावी. मात्र निवड झालेल्या उमेदवाराने स्वखुशीने लेखी माघार घेतल्यास प्रतीक्षा यादीतील पहिल्यास संधी द्यावी.

“म्हणजे मी जाणार,” मी म्हणालो.

“तळमजल्यावर जागा आहे. जुन्या नोंदींत.” पोटनियमांनी जरा थांबून दिलासा दिला. “थंडावा असतो तिथे.”

मी तसाच बसून राहिलो. साडू आत येऊ नये म्हणून मी स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेर काढलं होतं, तेही बिनचूक भाषेत. आता एकच वाट उरली होती, ती ‘मात्र’ने सुरू होणारी. आणि ती कोण चालणार? कोणीही शहाणा माणूस माघार घेणार नाही.

दुपारी तो स्वतःच आला. नियुक्तीचे कागद बघायला बोलावलं होतं. त्याच्या हातात माझ्या टिपणीची प्रत होती. माझी सही वरूनच दिसत होती. मी दरवाजा किती लांब आहे ते पाहिलं.

तो बसला नाही. त्याचे डोळे भरले होते.

“दादा, तुम्ही हे लिहिलंत?”

“ते... कार्यालयीन...”

“दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. यादीत साडू नाही, कोणाला कळणारही नाही, आपला माणूस आपल्या डोक्यावर येऊन बसतोय तर बसू दे. तुम्ही स्वतःहून नातं पुढे केलंत. स्वतःची बदली होईल हे माहीत असून.” त्याने डोळे पुसले. “मी आजवर असा प्रामाणिक माणूस बघितला नाही.”

मी मान खाली घालून टेबलावरचा शिक्का सरळ केला. त्याला वाटलं, नम्रता.

“हे मला जमणार नाही, दादा. तुम्हाला तळमजल्यावर पाठवून मी वर बसायचं? मी लिहून आणलंय.” त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. लेखी माघार. स्वखुशीने. दीड ओळ. “तुम्ही हो म्हणा, आत्ता देऊन येतो. मी माझ्या दवाखान्यात बरा आहे. हे पद तुमचंच होतं.”

कागद माझ्यापुढे होता. नऊ वर्षं मी ज्यासाठी थांबलो होतो, ते दीड ओळीत होतं. मला फक्त ‘ठीक आहे’ म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही.

आणि मला सासरच्या दिवाणखान्यातलं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. मी उपसंचालक आहे, गाडीतून उतरतोय, आणि सासूबाई शेजारणीला हळूच सांगतायत, “धाकट्यांनी सोडलं ना यांच्यासाठी. मिळालेलं सोडलं हो. मन मोठं.” तो कोपऱ्यात बसून ‘छे छे’ म्हणतोय. दर रविवारी. माझ्या बढतीला, माझ्या निवृत्तीला, माझ्या आजारपणातही कोणीतरी म्हणतंय, त्याने सोडलं म्हणून. खुर्ची माझी आणि मोठेपण त्याचं. तो वर बसला तर एक दिवस निवृत्त तरी होईल. हा असा त्याग मात्र कधीच निवृत्त होत नाही. तो माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी कसंबसं गिळलं होतं. माझ्यापेक्षा चांगलाही आहे, हे मी त्याला जन्मभर मिरवू देणार नव्हतो.

मी कागद उचलला, फाडला, परत फाडला.

“साडूभाऊ,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, “पद गुणवत्तेचं आहे. मीच लिहिलंय ते वाक्य.”

“तुम्ही? समितीने नाही?”

“मी.”

त्याने मला मिठी मारली. पोटनियम काचेतून बघत होते. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर बातमी पोचली. अवर सचिवांनी जिन्यात माझा हात हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र ‘हा फितूर झाला’ असा भाव होता.

तो पुढच्या सोमवारी रुजू झाला. माझ्या बदलीच्या हुकमावरची सही त्याने पदावरून केलेली पहिली सही होती. खाली पेन्सिलने बारीक लिहिलं होतं, ‘दादा, माफ करा.’ अक्षर सुरेख होतं. तेही होतंच त्याच्याकडे.

तळमजल्यावर माझा पहिला दिवस संपवून मी घरी आलो, तर बायको दारातच उभी होती. मेहुणीने तिला सगळं सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो. मी हळूच ताठ झालो.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “बाबा तर रडले फोनवर.”

“असतं एकेकाचं,” मी बूट काढत म्हणालो.

“किती मोठं मन, नाही? हातात आलेलं पद द्यायला निघाला होता.”

मी बूट काढायचा थांबलो. “आणि मी ते घेतलं नाही, त्याचं काय?”

“अहो, ते छानच केलंत,” ती माझ्या हातातली पिशवी घेत समजुतीने म्हणाली. “पण तुम्हाला मिळालंच नव्हतं ना. मिळालेलं सोडायचं म्हणजे...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. आत फोन वाजत होता. धाकटी बहीण असणार. बायको धावतच आत गेली, आणि मी एका पायात बूट घालून दारात उभा राहिलो.